कानातली फडफड आणि कर्णनाद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवणीतला कर्णनादावरचा, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात वाजणाऱ्या आवाजांवरचा, लेख वाचला. शिट्टी, गुणगुण, टकटक, फडफड असे सगळे आवाज त्यात एकाच पोतडीत भरले आहेत आणि वर कारण दिले आहे ते वाढते वय व ताण! मला स्वतःला अधूनमधून एका कानात फडफड होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

फडफडीत बहुतेकदा काहीतरी खरोखरच हलत असते. मधल्या कानात दोन इवलेसे स्नायू असतात. एक हातोडी या हाडाला जोडलेला, दुसरा रिकिबीला. हा दुसरा तर शरीरातला सर्वांत लहान कंकाल स्नायू. मोठा आवाज झाला की ते आखडतात. कधी ते विनाकारणच आखडू लागतात, थकव्याने पापणी लवत राहते तसे, आणि पडदा फडफडल्यासारखा वाटतो. घसा आणि मधला कान जोडणारी नळी नीट उघडत-मिटत नसेल, तरीही कान तडतडतो. सर्दीत हा अनुभव अनेकांना येतो. जबड्याच्या सांध्याचे दुखणेही कानात बोलते.

सतत वाजणारी शिट्टी बहुधा वेगळी. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मोठ्या आवाजाने किंवा वयोमानाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ-आठ तास कानावर पडत राहिला तरी धोका असतो, हे हेडफोनवाल्यांना कोण सांगणार? काही औषधेही कानावर उठतात: अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस, जेंटामायसिन हे प्रतिजैविक, कर्करोगावरचे सिसप्लॅटिन. अर्थात, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आणि कारण साधा मळही असू शकतो, जो काडी घालून आपणच आत ढकलतो.

लेखात न आलेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब नाडीची. कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर रक्तक्षय, थायरॉइड, रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांचा दोष यांची तपासणी हवीच. आवाज एकाच कानात टिकून राहिला, चक्कर येऊ लागली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी. तिथे स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर, तितका चांगला.

‘उपाय नाही, सवय करून घ्या’ हा लेखातला निर्वाळा अर्धाच खरा आहे. शिट्टी हमखास बंद करणारी गोळी नाही, हे मान्य. पण मळ काढल्यावर किंवा रक्तक्षय बरा झाल्यावर आवाज जाऊ शकतो. ऐकू कमी येणाऱ्यांना श्रवणयंत्राने आराम पडतो, आणि बोधात्मक वर्तन उपचाराने (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने) आवाजाचा जाच कमी होतो. फडफड तर बऱ्याचदा आपोआप थांबते. महिनोन्‌महिने हैराण करणाऱ्या फडफडीत स्नायू शिथिल करणारी औषधे दिली जातात, आणि अगदीच नाइलाज झाला तर त्या स्नायूंचे कंडर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, छेदण्याची शस्त्रक्रियाही करतात.

आपला,
एक नियमित वाचक