लाइपझिगहून, टेहळणीला कोणाला पाठवायचं याबद्दल

लाइपझिग
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचं पार्सल गुरुवारी मिळालं. चकल्या थोड्या मोडल्यात, पण करंजी एकही फुटलेली नाही, वहिनीला आवर्जून सांगा. मी बरी आहे, वेळेवर जेवते, कुकरला नवी रिंग बसवली. थंडी अजून फार नाही. आई, तू विणलेला स्वेटर आत आणि कोट वरून, असंच बाहेर पडते, तेव्हा ती काळजी सोड.

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर बोलणं शेवटी भाजी काय केली यावर येऊन थांबतं आणि मनातलं तसंच राहतं. शिवाय बाबा, तुम्ही म्हणालात, "नक्की काय खेळता ते एकदा नीट लिहून कळव." आणि आई मागून म्हणाली, तिशी उलटली तरी रविवार लढायांच्या खेळात घालवते. ते मी ऐकलं. तर आधी आईला उत्तर. तो जुगार नाही. पैसे लावत नाहीत, प्रत्येकानं काहीतरी खायला न्यायचं एवढंच. आम्ही आठ जण आहोत, त्यात तिघी बायका. ज्यांच्या घरी जमतो ते निवृत्त इतिहास शिक्षक आहेत आणि त्यांच्या पत्नी घरीच असतात, त्याच कॉफी करतात. सातच्या ट्रामनं मी घरी परतते. रविवारी इथे दुकानं बंद, रस्ते सामसूम. त्या दिवशी चार माणसांत बसायला मिळतं, याचं मोल तिथे बसून कळणार नाही.

आता खेळ. इथे त्याला 'क्रीगश्पील' म्हणतात, म्हणजे सरळ युद्धखेळ. राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी तो घडवला. वडिलांनी 1812 मध्ये प्रशियाच्या राजाला मोठं टेबल करून दिलं आणि मुलानं 1824 मध्ये नकाशावरचे नियम छापले. सेनामुख्यालयाचे प्रमुख म्युफ्लिंग यांनी शिफारस केल्यावर तो लष्करात शिकवणीसाठी वापरला जाऊ लागला. बुद्धिबळात समोरच्याचा घोडा दिसतो, इथे शत्रूचं काहीच दिसत नाही. लाल बाजू एका खोलीत, निळी दुसऱ्या खोलीत, आणि खरा नकाशा मधल्या खोलीत पंचांपुढे. आपण चिठ्ठीवर हुकूम लिहायचा, पंच तो मधल्या नकाशावर पाळतात. आपल्या माणसांना जे दिसलं असतं तेवढंच आपल्या नकाशावर ठोकळे ठेवून दाखवतात. एक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं.

म्हणून सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की पुढे बघायला कोणाला पाठवायचं. बाबा, मला या खेळात सगळ्यात जास्त हेच आवडतं, आणि हे मला तुमच्याशीच बोलायचं होतं.

पहिल्यांदा माझ्याकडे क्युरासिए होते, मोठ्या घोड्यांवरचे जड स्वार. मला वाटलं, पुढे धोका आहे तर सगळ्यात ताकदवान तेच जावेत. पाठवले. त्यांना एका गावाआड शत्रूचे स्वार भेटले, ते लढले, जिंकलेही, मग त्यांच्यामागे धावत सुटले आणि तोफांच्या पुढ्यात गेले. मला बातमी काहीच मिळाली नाही. तासाभरानं खऱ्या धडकेची वेळ आली तेव्हा माझ्याकडे धडक द्यायला कोणी उरलं नव्हतं. पुढच्या खेळात मी उलटी चूक केली. हुसार, म्हणजे हलके चपळ स्वार, सहा दिशांना थोडे थोडे वाटले. त्यांना दिसलं सगळं, पण दोन टोळ्या वाटेत कापल्या गेल्या आणि उरलेल्यांची चिठ्ठी आली तेव्हा ती शिळी झाली होती.

हा हिशोब तुम्हाला आवडेल म्हणून सविस्तर लिहिते. नकाशा 1:8000 चा असतो, म्हणजे एक किलोमीटरला साडेबारा सेंटीमीटर. माझा स्वार चार किलोमीटर पुढे आहे, म्हणजे नकाशावर फक्त अर्धा मीटर, हात लांबवला की पोचतो. पण घोडा दुडक्या चालीनं चार किलोमीटर यायला वीसेक मिनिटं घेतो, म्हणजे दहा चाली. तेवढ्यात शत्रूचं पायदळ दीडेक किलोमीटर सरकलेलं असतं. चिठ्ठीत लिहिलंय 'पुलापाशी आहेत' आणि प्रत्यक्षात ते पूल ओलांडून आपल्या बाजूच्या झाडीत शिरलेले असतात. म्हणून आता मी निवडताना तीन गोष्टी बघते. वेग हवाच. ती तुकडी अशी हवी की दिवसभर परत आली नाही तरी मुख्य लढाई अडू नये. आणि तिला जोडीदार हवा, एकानं बघत थांबायचं आणि दुसऱ्यानं बातमी घेऊन मागे यायचं. उलान, म्हणजे भालेवाले, वेगानं जातात, पण भाला हातात असला की मलाच त्यांना लढायला लावायचा मोह होतो, म्हणून मी त्यांना हुसारांच्या पाठीशी आधाराला ठेवते. आणि जंगल किंवा गाव आलं की घोडा आंधळा होतो. तिथे येगर, म्हणजे बंदुकवाले पायी शिकारी, पाठवायचे. ते हळू जातात, पण एकेका झाडामागून बघतात.

आणखी एक गोष्ट शिकायला मला चार महिने लागले. "काही दिसलं नाही" हीसुद्धा बातमी असते, पण कुठून बघितलं ते लिहिलं तरच. टेकडीवरून काही दिसलं नाही आणि खोलगटातून काही दिसलं नाही यात फार अंतर आहे.

तेव्हा मला येऊर आठवलं. आपण पावसात जायचो आणि ओढा आला की तुम्ही दादाला पुढे पिटाळायचात, तो वेगानं धावायचा म्हणून. तो जाऊन यायचा आणि सांगायचा, "पाणी कमी आहे, चला." मग तुम्ही मला पाठवायचात. मी सांगायचे की काळ्या दगडापर्यंत गुडघाभर आहे, पुढे कंबरेपर्यंत, डावीकडे चिखल आहे. तुम्ही दोघांचं ऐकून मगच आईचा हात धरायचात. दादावर राग नाही, त्याच्या वेगाशिवाय आपण दर वेळी उशिरा पोचलो असतो. पण दोघांना पाठवायचं हे तुम्हाला कुठून सुचलं, ते लिहा. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी सांगायचात, त्यातून का? आणि अब्दाली बागपतला यमुना उतरून आला, दिल्लीची वाट तुटली, हे तुम्ही तलावपाळीच्या कट्ट्यावर भेळेच्या कागदावर रेघा मारून समजावलं होतं. मी आमच्या सरांना ऑक्टोबर 1760 चा तो प्रसंग सांगितला. त्यांनी नदीचं नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं.

आता खिडक्यांचं. आई, तू दोनदा विचारलंस की कॉलवर माझ्या मागची खिडकी सताड उघडी का होती, गारठून मरायचंय का. तर इथे हा रिवाज आहे, लुफ्टेन म्हणतात, हवा बदलणं. घरं इतकी घट्ट बांधलेली असतात, दुहेरी काचा, रबरी पट्ट्या, की आंघोळीची वाफ, भाताची वाफ, आपला श्वास, सगळं आतच राहतं आणि भिंतीच्या थंड कोपऱ्यात बुरशी धरते. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना येते तशी, पण इथे ती हिवाळ्यात येते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करायचा, सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाचेक मिनिटं थांबायचं, मग लावून घ्यायच्या. बाहेर शून्याखाली असलं तरी. फट ठेवून तासभर चालत नाही, त्यानं हवा बदलत नाही आणि भिंती मात्र गार पडतात. समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार काढला तर त्याला वेगळं नाव आहे. पुष्कळ भाडेकरारांत हे लिहिलेलं असतं. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी हीटरपुढे उभं करून मला अर्धा तास शिकवलं, बुरशी आली तर खर्च कोणाचा हेही सांगितलं. ऑफिसात यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. मलाही पहिला हिवाळा हे अमानुष वाटलं होतं. आता पाच मिनिटांनंतर खोली पुन्हा लवकर तापते, कारण भिंती तापलेल्याच असतात, हे कळलं आणि पटलं. खेळातही तीन वाजता सर उठतात आणि तिन्ही खोल्यांच्या खिडक्या उघडतात. सगळे आपापल्या चिठ्ठ्यांवर हात ठेवतात. एकदा माझी चिठ्ठी उडून कपाटाखाली गेली. सरांनी निर्णय दिला की स्वार वाट चुकला, बातमी पोचली नाही. मी तो निर्णय मानला.

गेल्या महिन्यात आम्ही सगळे लिबर्टवोल्कविट्झला चालत गेलो, शहराच्या आग्नेयेला जुनं गाव आहे, आता शहरातच धरतात. 14 ऑक्टोबर 1813 ला तिथे नेपोलियनविरुद्धच्या फौजांनी घोडदळ पाठवलं ते फक्त बघायला, की फ्रेंच माघार घेताहेत की उभे राहणार आहेत. समोरून नेपोलियनचा सेनापती म्युरा यानं घोडदळाचे लोंढे सोडले आणि बघण्याची लढाई झाली. हरजीत ठरली नाही, पण फ्रेंच इथेच उभे आहेत हे कळलं. दोन दिवसांनी मोठी लढाई सुरू झाली, 16 ते 19 ऑक्टोबर, तिचं 91 मीटर उंच स्मारक माझ्या ट्राममधून दिसतं. सर म्हणाले, त्या वर्षी नेपोलियनकडे घोडेच कमी होते. 1812 मध्ये रशियात मेले. मे महिन्यात ल्युट्झेन आणि बाउट्झेन इथे तो जिंकला, पण पाठलाग करायला आणि पुढे काय आहे ते बघायला पुरेसे स्वार नव्हते. त्या शेतात उभी राहून मी तेच बघत होते. जमीन सपाट वाटते, पण माणूस दोनशे पावलांवरच्या उतारात गेला की दिसेनासा होतो.

आता जे लिहायचं मी लांबवत आले ते.

सप्टेंबरात जिन्यात घसरून आईचं मनगट मोडलं आणि तुम्ही मला तीन आठवडे सांगितलं नाही. पिल्लूनं कॉलवर "आजीचा हात पांढरा झालाय" म्हटलं म्हणून कळलं. मी त्या दिवशी फोनवर चढ्या आवाजात बोलले, ते लागलं असेल, मला माफ करा. तुम्ही मला जपण्यासाठी केलंत हे कळतं. पण मग रोजचं "सगळं ठीक" ऐकलं की मी रात्री जागत राहते, कारण ते कुठून बघून म्हटलंय ते मला कळत नाही.

आणि मीही तेच केलं आहे. कंपनीनं माझा करार मार्च 2028 पर्यंत वाढवला. पुढच्या वर्षी कायमची परत येते असं मी बाबांना कबूल केलं होतं, तरी दिवाळीच्या आधीच सही केली आणि तुम्हाला सांगितलं नाही. दिवाळी पहाटेला तुम्ही राम मारुती रोडवरून कॉल लावलात, आई म्हणाली पुढच्या वर्षी तू असशील, आणि मी हो म्हटलं. तो हो मला अजून टोचतो. पगार वाढला आहे, काम मनासारखं आहे, मी इथे सुखात आहे, हेही खरं आहे.

पैशांचं. बिल्डिंग पुनर्विकासाला जानेवारीत रिकामी करायची आहे तर भाड्याच्या जागेच्या डिपॉझिटसाठी दादाच्या खात्यावर 2,40,000 रुपये पाठवले आहेत, बुधवारपर्यंत जमा होतील. दादानं एकट्यानं ओढायचं नाही, आणि आई, पाटल्या मोडायचं पुन्हा तोंडातून काढू नकोस. जागा लिफ्ट असलेलीच बघा, नौपाड्यात नाही मिळाली तर पाचपाखाडीत चालेल. मनगट बरं होईपर्यंत जिने नकोत.

राहण्याच्या परवान्याचं नवं कार्ड अजून हाती आलेलं नाही, म्हणून डिसेंबरात येता येत नाही. मामाकडच्या लग्नाला मी नसेन. तिकीट 20 फेब्रुवारीचं केलं आहे. आहेर आईनं माझ्या नावानं करावा.

आणि आत्यानं सुचवलेलं पुण्याचं स्थळ. मी तुम्हाला न सांगता त्याच्याशी दोनदा बोलले. माणूस चांगला आहे, आत्यानं सांगितलं ते सगळं खरं आहे. पण त्याला बायको जूनपर्यंत पुण्यात हवी आहे, हे आत्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी नाही म्हटलं, त्यानं समजून घेतलं. आत्यानं किती खेपा घातल्या ते मला ठाऊक आहे, मी तिला वेगळं पत्र लिहिते आहे. तोवर तिला तुम्ही काही बोलू नका. लग्नाला माझी ना नाही. मी तिकडे आल्यावर समोरासमोर बोलू.

बाबा, ओढ्याचं तेवढं लिहा. आणि आई, उत्तरात "बरी आहे" लिहू नकोस. उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटते का, लाटणं धरता येतं का, रात्री दुखतं का, औषध किती वेळा घेतेस, तेवढं सगळं दादाकडून लिहून घे.

तुमची,
धाकटी