घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत झोपेवर अधूनमधून काही ना काही येतंच, झोपताना मोबाईल लांब ठेवा, रोज ठरलेल्या वेळी झोपा वगैरे. सगळं बरोबर आहे. पण ज्याला झोपेचा आजारच आहे त्याचं नुसत्या टिप्सनी भागत नाही, उलट तो स्वतःलाच दोष देत बसतो आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं. आमच्या घरात हे झालंय म्हणून लिहितेय.

माझे मिस्टर खूप घोरायचे आणि सगळे म्हणायचे काय गाढ झोप लागते हो यांना, मीही तेच समजत होते. एका रात्री मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून. छाती-पोट हलतंय पण नाकासमोर बोट धरलं तर हवाच नाही. मी मनात आकडे मोजायला लागले, बावीस की तेवीसपर्यंत आले असेन, तेवढ्यात बुडणारा माणूस वर यावा तसा मोठा श्वास घेतला, कूस बदलली आणि परत घोरणं सुरू. सकाळी त्यांना यातलं काहीच आठवेना. दिवसा मात्र पेपर वाचता वाचता मान पडायची, उठल्यावर डोकं जड, बीपी तीन-तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नव्हतं. आणि याच माणसाला एका डॉक्टरांनी "झोप नीट होत नाही" एवढ्यावर झोपेची गोळी लिहून दिली होती! घोरता का, एवढं एक कुणी विचारलं नाही. काही झोपेच्या गोळ्यांनी आणि दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अडकणं वाढू शकतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग मी मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी लगेच स्लीप स्टडी करायला सांगितली. एक रात्र तिथेच झोपायचं, डोक्याला, हनुवटीला, पायाला वायरी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. काही पेशंटना घरी मशीन लावूनही टेस्ट करतात. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला किंवा बराच कमी झाला असं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० च्या वर गंभीर. यांचा आकडा आला ४१, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया.

उपचार म्हणजे सीपॅप मशीन. ते ऑक्सिजन देत नाही, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं, एवढंच. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी ही पद्धत पुढे आणली. पहिले पंधरा दिवस आम्हाला जड गेले हे खरं, मास्क गळायचा, तोंड कोरडं पडायचं, हे रात्री काढून फेकायचे. मास्कचा साईज बदलला आणि जमलं. कृपया कुणी आठ दिवसांत मशीन कपाटात टाकू नका. सौम्य त्रासात वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दातांवर बसवायचं उपकरण यानेही फरक पडतो.

पण झोप येत नाही म्हणणारा प्रत्येकजण ॲप्नियाचा नसतो. माझ्या बहिणीला अंथरुणावर पडलं की पायात आतून वळवळ व्हायची, उठून चाललं की बरं वाटायचं. सगळे म्हणाले टेन्शन घेतेस. ते निघालं रेस्टलेस लेग्स. त्याचं निदान मुख्यतः पेशंटच्या सांगण्यावरून होतं, पण सोबत रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावं लागतं, तिचं हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला. लोहाच्या गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत खूप फरक पडला.

आणि नुसत्या निद्रानाशावर, म्हणजे आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त झोप लागत नसेल तर, पहिला उपचार गोळी नाहीच, सीबीटी-आय नावाची, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची थेरपी आहे. त्यात झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठायचं, आणि अंथरुणातला वेळ काही दिवस कमी करायचा असं शिकवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण गोळीपेक्षा त्याचा परिणाम जास्त टिकतो.

तर एक विनंती. दिवसा किती झोप येते हे मोजायला डॉक्टर एपवर्थ स्केल वापरतात, फक्त आठ प्रश्न असतात, वाचताना डुलकी लागते का, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर, गाडी ट्रॅफिकमध्ये थांबलेली असताना, असे. प्रत्येकाला ० ते ३ मार्क, बेरीज १० च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवायचं. पुढच्या वेळी झोपेवर लेख छापाल तेव्हा या तपासणीची माहिती शेजारी चौकटीत द्या. आणि घोरणाऱ्याला स्वतःला काही कळत नाही, त्यामुळे ती चौकट त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही वाचायला सांगा.

आपली नियमित वाचक