कोकणचा अहवाल, पावसाळा सोडून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सड्यावरच्या, म्हणजे आमच्या जांभ्या कातळाच्या सपाट माथ्यावरच्या, प्लॉटिंगची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. तीत ‘ओसाड कातळ’ हे शब्द दोनदा आले आहेत. बातमीदाराला दोष देत नाही, हे शब्द आम्हीच रुळवले. मी रत्नागिरी जिल्ह्यात तलाठी होतो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे). सातबाऱ्यावर कातळाचे क्षेत्र ‘पोटखराब’ म्हणून किती वेळा लिहिले, गणती नाही. महसुलाच्या हिशेबात ते बरोबरच होते. नांगर चालत नाही, म्हणून लागवडीलायक नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तोच शब्द पुढे प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालात जाऊन बसतो आणि तिथे त्याचा अर्थ ‘इथे काहीच नाही’ असा होतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेलो होतो. इंग्रजी अहवाल जाडजूड, मराठी सारांश मोजक्या पानांचा. झाडापेडांचे प्रकरण उघडले तर सुकलेले गवत, करवंदीच्या जाळ्या, तुरळक झुडपे. पाहणीचा काळ पाहिला : मार्च ते मे. मे महिन्यात सड्यावर दुसरे काय दिसणार? चप्पल घालूनही पाय भाजतात.

यात अहवाल लिहिणाऱ्याने लबाडी केली असेही नाही. बहुतेक प्रकल्पांना पायाभूत माहिती एकाच हंगामाची चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून घ्यायचा असतो. हवेतल्या धुळीपुरते हे योग्यच आहे. पावसात धूळ बसते, आकडे उगाच चांगले येतात. पण धुळीसाठी केलेली सोय झाडापाण्यालाही लागू झाली, आणि जिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, त्या कोकणचा अभ्यास पावसाळा वगळून होऊ लागला.

सडा जगतो तोच मुळी त्या चार महिन्यांत. पहिल्या सरींबरोबर दिपकाडीची पांढरी फुले वर येतात. हिची कोकणातली जात या कातळांखेरीज फारशी कुठे आढळत नाही. मग खळग्यांत पाणी साठते, बेडूक येतात, श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं यांनी कातळ पांढरा-जांभळा होतो. दवबिंदू नावाचे रोपही असते. मातीचा थर बोटभर, त्यात नत्र जवळजवळ नाही, म्हणून यातली काही झाडे चक्क किडे खातात. सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव इवल्या फुग्यांत ओढून घेते, दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांत चिलटे अडकवतो. आमच्या गुराख्यांना हे सगळे ठाऊक आहे. दिवाळीनंतर आलात तर यातले फारसे काही दिसणार नाही.

पाण्याचे तर विचारूच नका. जांभा सच्छिद्र दगड. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जातो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. आमच्या वाड्या, पोफळीच्या बागा, विहिरी त्या उतारावरच का वसल्या, याचे उत्तर हेच. वर जेसीबीने कातळ सपाट करून सिमेंटचे रस्ते केले की पाणी मुरत नाही, पऱ्याने (ओढ्याने) सरळ खाडीत जाते. खालच्या वाडीला ते कळते एप्रिलात, टँकर येतो तेव्हा. तोवर वरचे प्लॉट विकून झालेले असतात.

आणि हे प्लॉट तपासणीच्या जाळ्यात येतातच असे नाही. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून, आणि क्षेत्रविकासाला ५० हेक्टरपासून. नुसते आखून विकलेल्या प्लॉटांवर बांधीव क्षेत्र नसतेच. म्हणजे शंभर एकर सडा तुकडे करून विकला, तरी मंजुरी विचारायची वेळ येत नाही. मंजुरी लागली तरी बांधकाम आणि टाउनशिपच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. किनाऱ्याला निदान भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा) धाक आहे, सड्याला सडा म्हणून तसले काही नाही. गंमत पाहा, याच ‘ओसाड’ सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षी, काशेळी, देवीहसोळ, बारसू, सगळे कातळच.

माझे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. चिरे चिरेखाणीतून आले, देवाने पाठवले नाहीत. तेव्हा सडा देवघरात ठेवा, असे म्हणायचा मला अधिकार नाही. मागणे दोनच. सड्यावरच्या कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात जून ते सप्टेंबरची पाहणी सक्तीची करा, त्यासाठी प्रकल्प सहा महिने थांबला तर थांबू दे. आणि एकाच सड्यावरचे लहान-लहान तुकडे बिनशेती करताना त्यांची बेरीज एकत्र धरा. गटनंबर जोडून पाहणे महसूल खात्याला अवघड नाही, मी तेच काम केले आहे.

वाचकांसाठी एक. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते आणि लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येते, सभेत बोलायलाच हवे असे नाही. अहवाल हाती आला की आधी पाहणीचे महिने शोधा. ते पावसाळ्याबाहेरचे असतील तर हरकतीत पहिल्याच ओळीत तेवढे लिहा. त्याखाली आपल्या वाडीतल्या एकेका झऱ्याचे नाव, तो कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो आणि त्यावर किती घरे पाणी भरतात.

आपला,
एक निवृत्त तलाठी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी