सौर सर्किटमध्ये सुरक्षिततेसाठी राखीव क्षमता सक्तीची करा: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

पीएम सूर्यघर योजनेमुळे नाशिकमध्ये बंगल्या-सोसायट्यांवर झपाट्याने पॅनेल चढत आहेत. मागणी एकच: नेट मीटर (ग्रिडला दिलेल्या व घेतलेल्या विजेची नोंद ठेवणारा मीटर) बसवण्याआधी त्या जागेच्या तापमानावर केलेला सर्किटचा हिशेब लेखी घ्यावा.

पॅनेलमागच्या लेबलवरचे व्होल्टेज 25 अंश सेल्सिअसचे असते. थंडीत ते चढते, अंशामागे साधारण 0.27 टक्के. 49.8 व्होल्टचे 20 पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक माळेसारखे, जोडले की बेरीज 996 होते. पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या इन्व्हर्टरची मर्यादा 1000, म्हणजे कागदावर चोख! निफाडला जानेवारीत पारा 5 अंशांवर आला की तीच स्ट्रिंग 1050 व्होल्टला जाते, तीही सकाळी इन्व्हर्टर भार उचलण्याआधी. 19 पॅनेलवर 997. पारा आणखी 3 अंश उतरला की मर्यादा ओलांडली. म्हणून तिथे 18च. असा जळालेला इन्व्हर्टर वॉरंटीत बसेल, ही आशा सोडावी.

करंटचे उलट, त्याची परीक्षा पावसाळ्यात. ढग फाटून ऊन पडले की ढगांच्या कडांवरून परतणारा उजेडही पॅनेलवर येतो आणि 14 अँपिअरचे पॅनेल काही काळ त्याहून जास्त देते. त्यासाठी 1.25 पट. तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी पुन्हा 1.25 पट. झाले सुमारे 22. तीन किंवा अधिक स्ट्रिंग समांतर असतील तर प्रत्येकीला 25 अँपिअरचा डीसी सोलर फ्यूज हवा. 15 चा फ्यूज दोष नसताना तापून जातो. पॅनेलच्या लेबलवर कमाल फ्यूज 25 लिहिला असेल, तर त्यापुढे मात्र जाऊ नये.

एसी बाजूला 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर सुमारे 22 अँपिअर देतो. तिथे 25 चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सर्रास लावतात. तो 30 अंशांवर जुळवलेला असतो. मे महिन्यात गच्चीवरच्या बंद डब्यात दुपारी पडतो. मग कोणीतरी 32 चा बसवतो आणि वायर जुनीच ठेवतो. हा 'उपाय' मूळ दोषापेक्षा घातक. 32 सोबत 6 चौरस मिमी तांब्याची वायर हवी. एसीचा एमसीबी डीसी बाजूला तर कधीच नको. डीसी प्रवाह शून्यावरून जात नसल्याने ठिणगी विझत नाही, डबा पेटतो.

अर्जाला एक पान जोडणे सक्तीचे करा: स्थानिक किमान तापमानाचे स्ट्रिंग व्होल्टेज, 1.56 पट (1.25 × 1.25) करंट, फ्यूज, एमसीबी आणि वायरचा आकार. खाली परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही. तपासनीसाने तेच आकडे गच्चीवरच्या लेबलांशी ताडून पाहावेत.

आपले,
नाशिकमधील सौर विद्युत तंत्रज्ञ