नेटवर्कवाल्या पोरांचा पगार: कौशल्य विकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहत आहेत. राज्याच्या 2023 च्या आयटी धोरणाने त्यांना मुद्रांक शुल्कात आणि विद्युत शुल्कात सवलती दिल्या. चांगलंच केलं. पण अशा इमारतींत आणि गावोगावच्या कचेऱ्यांत केबल ओढणाऱ्या, रॅक लावणाऱ्या मुलाच्या हातात महिन्याला काय पडतं, ते आपल्या विभागाने एकदा बघावं.

आयटीआयमधून ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ करून आलेल्या मुलांना मी पुढचं नेटवर्किंग शिकवतो. त्यांच्या पहिल्या नोकरीची जाहिरात ठरलेली: ‘फील्ड इंजिनिअर, फ्रेशर चालेल, स्वतःची बाईक व लॅपटॉप आवश्यक.’ पगार बारा ते पंधरा हजार, तोही मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून. पेट्रोलचे पैसे दोन-दोन महिने लटकतात. एकाने पगारवाढ मागितली, तर एजन्सीवाला म्हणाला, “सरकार आयटीआयवाल्याला आठ देतं, मी तेरा देतोय.” मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले 8,000 रुपये हे विद्यावेतन आहे, पगार नव्हे. तरी बाजारात भाव पाडायला तोच आकडा पुढे केला जातो, हे आपल्या कानावर असावं.

सुरुवातीला पैसे कमी, हे एक वेळ चालवून घेऊ. गाडी अडते ती पुढे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... नेटवर्क केबलमधल्या वायरींचा क्रम या मुलांच्या हातात बसलेला असतो. आरजे-45, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, क्रिम्प केला (दाबून बसवला), टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले, की त्याचं काम संपलं. या केबल जिथे जोडतात त्या नेटवर्क स्विचचा पासवर्ड त्याला कोणी देत नाही. व्हीलॅन, राउटिंग, फायरवॉल ही नेटवर्कची खरी मांडणी आणि सुरक्षा, सगळं एल-2 वाला, म्हणजे वरच्या पातळीचा इंजिनिअर, लांब बसून करतो. तीन वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीला गेला की विचारतात, ‘ओएसपीएफ कॉन्फिगर केलंय का?’ हे राउटिंगचंच काम. कुठे करणार होता तो?

मग सगळे सांगतात, सीसीएनए कर, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र घे. परीक्षेची फी 300 डॉलर, कर धरून तीस हजारांच्या घरात. म्हणजे दोन महिन्यांच्या पगारातही भागत नाही. नापास झाला तर पुन्हा तेवढेच, आणि पास झाला तरी प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. सरावाला पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, परीक्षा मिळत नाही.

मागण्या दोनच. पास होणाऱ्या आयटीआयच्या मुलाला ही फी शासनाने परत द्यावी. फक्त पास होणाऱ्याला, म्हणजे पैसे वाया गेल्याची ओरड नको. दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते. नेटवर्क देखभालीचा ठेका सर्वांत कमी दरवाल्याला जातो आणि तो दर याच पोरांच्या पगारातून कापलेला असतो. तेव्हा तंत्रज्ञाचा किमान पगार निविदेतच लिहा, आणि तो बँकेत जमा झाल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास करू नका. इतर खात्यांची वाट बघायचं कारण नाही. आपल्याच विभागात, आपल्याच आयटीआयमध्ये जिथे जिथे हे काम ठेक्याने चाललं आहे, तिथल्या पुढच्या निविदेत ही अट घालता येईल.

कळावे,
आपला,
नाशिकचा एक नेटवर्किंग प्रशिक्षक