उशाशी साखर असू दे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे रागातच तुटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पुण्यात गेल्यापासून तू मधुमेहाच्या ओपीडीत एकदाही गेला नाहीस आणि ‘माझे मला कळते, सिस्टरांना काय विचारायचे’ असे म्हणालास, ते तुझ्या आईला फार लागले. मला एवढेच विचारायचे होते, की रात्री उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवतोस ना?

तू सहावीत असताना लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टाइप वन मधुमेहाचे निदान सांगितले, इन्सुलिन जन्मभर घ्यावे लागेल म्हणाले, आणि बाहेर रांग मोठी होती. पुढचे सारे सिस्टरांनी केले. गढूळ इन्सुलिनची बाटली जोरात न हलवता तळहातांत कशी घोळवायची, ते त्यांनी आईला दाखवले. मिलीला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज लागते, हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले. घरी फ्रिज नाही हे कळल्यावर मोठ्या माठात थोडे पाणी, त्यात लहान मडके आणि मडक्यात डबीबंद बाटली ही रीत त्यांनीच समजावली, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात, लोडशेडिंगमध्येही ते औषध टिकले. येळवशीच्या सणाला शेतात जेवायला जाऊ नको असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. भज्जी, आंबील, उंडे तू किती खाणार हे विचारून, डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाचा डोस ठरवून देत. पुढे तुझी साखर कधी ३०० तर कधी ६० दिसू लागली, तेव्हा तुझी मांडी बोटांनी चाचपून तिथली गाठ त्यांनीच ओळखली. एकाच जागी टोचल्याने गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. असे बारकावे पाहणारे माणूस पुण्यातही हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज घे, १५ मिनिटांनी पुन्हा तपास. तापात जेवण गेले नाही तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नकोस. हे पुन्हा वर्ग घेतल्यासारखे झाले, राग मानू नकोस. तू इंजिनिअरिंगला लागलास, स्वतःचे स्वतः टोचून घेतोस, हे मी गावात अभिमानाने सांगतो. पण इथे आई मध्यरात्री उठून साखर उतरून तुझ्या कपाळाला घाम आला आहे का ते पाहत असे; तिथे कोण पाहणार, या विचाराने मला झोप लागत नाही.

सोमवारी ओपीडीत जा, साखरेची वही सिस्टरांना दाखव आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घे. खोलीतल्या मित्रालाही सांगून ठेव, की तू बेशुद्ध दिसलास तर तोंडात काहीही घालायचे नाही, लगेच १०८ ला फोन करायचा. त्याला सांगितलेस की नाही, ते आईला फोनवर कळव.

तुझा,
बाबा