अपेंडिक्सचा रिपोर्ट

कोपरखैरणे,
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "बाबा, अपेंडिक्स तर आम्ही एका रात्रीत तीन-तीन काढतो." ऐकून ऊर भरून आला, आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला. माझं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तू बारावीला होतीस. बरंचसं आम्ही तुझ्यापासून लपवलं होतं.

अपेंडिक्स त्याच्या सहा वर्षं आधी निघालं होतं. तिसऱ्या दिवशी घरी, पंधराव्या दिवशी मी तुर्भ्याला मार्केटमध्ये हजर. काढलेला तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट आईने काउंटरवरून आणला आणि लाइट बिलांच्या फाइलीत लावून टाकला. डॉक्टरांनी बोलावलं नाही, आम्हीही विचारायला गेलो नाही. त्यात 'म्युसिनस' असा शब्द होता. चिकट स्राव करणाऱ्या पेशींची गाठ होती, अपेंडिक्स फुटलेलं होतं आणि त्या पेशी पोटात सांडल्या होत्या.

पुढे सहा वर्षं त्या जेली बनवत राहिल्या. दुखलं काहीच नाही. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घेतली. मार्केटमध्ये सगळे म्हणायचे, तब्येत सुधारली. हातांच्या मात्र काड्या झाल्या होत्या. मग जांघेत हर्निया आला. सर्जनने पिशवी उघडली तर आत आतडं नव्हतंच, पिवळट जेली होती. त्यांनी तपासणीपुरता तुकडा घेतला आणि टाके घातले, पुढे हात लावला नाही. रिपोर्ट आला त्या रात्री साडेनऊला त्यांनी स्वतः फोन केला. मुक्ता, त्या फोनमुळे मी आज हे पत्र लिहितोय.

स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी. वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा आजार. 2011 च्या जनगणनेत आपली नवी मुंबई 11 लाखांची. म्हणजे अख्ख्या शहरात वर्षाला एक-दोन माणसं. अकरा तास ऑपरेशन चाललं. प्लीहा, उजवीकडचं मोठं आतडं, आतड्यांवरचा चरबीचा पदर, सगळं काढलं, पोटाचं अस्तर जागोजागी सोललं. मग 42 अंशांवर तापवलेलं केमोचं औषध दीड तास पोटात फिरवलं. आई बाहेर बाकावर बसून होती, दिवसभर चहासुद्धा घेतला नाही तिने.

तू एक वही कर. तू काढलेल्या प्रत्येक अपेंडिक्सचं नाव, फोन नंबर, आणि रिपोर्ट स्वतः वाचलास की खूण. बहुतेकांत काही निघणार नाही, ठाऊक आहे मला. तुझी ड्यूटी बदलेल, पेशंट गावी निघून जाईल. म्हणून शेजाऱ्याचाही नंबर लिहून घे. आणि ज्याच्यात निघेल त्याला तूच फोन कर, नर्सला सांगू नकोस.

माझ्या जुन्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवतोय. तो शब्द आईने पेन्सिलीने अधोरेखित केलाय. सीटी स्कॅन मार्चमध्ये आहे, त्यासाठी रजा टाकून येऊ नकोस.

तुझा
बाबा